शेवटचा आकडा

भोसरीतल्या आमच्या टूलरूमला पॅकिंग मशिनचा एक जुना कॅम आला, म्हणजे फिरताना दुसऱ्या भागाला वर-खाली ढकलणारी चकती. ड्रॉइंग नाही. मोजून नवा करायचा, तोही परवापर्यंत.

मोजणी मिस्त्रींची. डिव्हायडिंग हेड म्हणजे जॉब मोजून थोडा थोडा फिरवायचं साधन; त्याचा हँडल चाळीस वेळा फिरवला की जॉब एकदा फिरतो. म्हणजे दहा अंशांना एक पूर्ण फेरा आणि अठरा भोकांच्या प्लेटवर आणखी दोन भोकं. हे छत्तीस वेळा. मिस्त्री भोक चुकत नाहीत, पण मधेच कुणी बोलायला आलं की वैतागतात. दर वेळी कडेला टेकवलेल्या डायलवर उंची वाचायची. शून्य ते 360 अंश असे 37 आकडे कागदावर आले.

कॅडचं, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं, एकमेव लायसन्स मालकांच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर, आणि पुतण्या लोणावळ्यात. मी ग्नू प्लॉटयूटिल्स या फुकटच्या सॉफ्टवेअरमधली 'स्प्लाइन' कमांड काढली; ती दिलेल्या बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढते. गोल कॅमला '-पी' द्यायचं, म्हणजे वक्राची दोन्ही टोकं जुळतात, पण मग पहिला आणि शेवटचा आकडा सारखा लागतो. शून्याला 0.00 होतं, 360 ला 0.02. जागा एकच! घाई होती. मी 0.02 खोडून 0.00 केलं.

पुढच्या कामाचा मात्र अभिमान होता. '-एन 360' दिल्यावर 361 बिंदू आले, पण चढ सुरू होण्याआधी वक्र शून्याच्या खाली जात होता. तसाच कापला असता तर तिथे खड्डा. '-टी'ने (कॅपिटल टी) वक्राचा ताण वाढवला, म्हणजे तो खेचल्यासारखा सरळ होत जातो. 10 ला सरळ रेषा आणि कोपरे, जणू छत्तीस बाजूंचं नटच. कमी करत 0.3 वर आलो, तेव्हा खड्डाही नाही, कोपरेही नाहीत.

कॅम चढवला आणि प्रत्येक फेऱ्याला बारीक 'टक्'. मिस्त्रींनी नख फिरवलं, 350 च्या पुढे थांबले. "साहेब, इथं पायरी लागतीय."

कागद काढला. 290 पासून 350 पर्यंत सगळीकडे 0.02 आणि त्यापुढे माझं 0.00. डायल आधीच कुठेतरी सरकला होता आणि पायरी मी स्वतःच्या हाताने घातली होती. ती ऑइलस्टोनने घासून गेली, गिऱ्हाईक खूश. पण डायल सरकल्यानंतरचे सगळेच आकडे 0.02 ने जास्त, आणि तो नेमका कधी सरकला ते तपासायला जुना कॅम नाही. भंगारात गेला.

मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, 170 च्या सुमाराला टेबलाला धक्का लागला असेल, तुम्ही चहाचं विचारायला आलात ना तेव्हा.