फलकावरची बारा नावं

आमच्या हायस्कूलचं गॅदरिंग तीन दिवस चालतं. शेलापागोटे, एकांकिका, नाच हे सगळं पहिल्या दोन दिवसांत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर एका जुन्या खो-खो संघाचा आणि एका मार्गदर्शकाचा सत्कार असतो. पुण्या-मुंबईहून रजा टाकून येणारी मंडळी येतात ती या सकाळसाठी. गाव सांगली जिल्ह्यातलं, त्यामुळे खो-खो आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सत्काराला आलेल्या आज्यासुद्धा 'फाऊल, फाऊल' म्हणून ओरडतात.

सभागृहात सागवानी फलक आहे. ज्या संघाचा सत्कार होतो त्याचं वर्ष आणि नावं त्यावर चित्रकलेचे सर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहितात. प्रथा सुरू झाली तेव्हा माजी विद्यार्थी मंडळात बरीच चर्चा झाली होती. फलक लहान आणि संघात बारा जण, तेव्हा कर्णधार आणि राज्य पातळीवर खेळलेले एवढ्यांचीच नावं लिहावीत, असं बहुतेकांचं मत होतं. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाराही लिहायची. जागा संपली तर दुसरा फलक करू." आता तिसरा फलक चालू आहे.

या निर्णयाबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आम्ही खेळायचो त्या खो-खोत आठ जण एकाआड एक उलट तोंड करून बसायचे आणि नववा धावायचा. धावणाऱ्याला माघारी वळता येत नाही, दोन खांबांच्या मधली रेघ ओलांडता येत नाही. म्हणून गडी एकटा कुणी मारत नाही. मागच्या दोघा-तिघांनी वेळेवर खो देत साखळी लावलेली असते, पळणाऱ्याला खांबाकडे ढकलत नेलेलं असतं, तेव्हा शेवटच्याचा सूर लागतो. पेपरात नाव येतं ते सूर मारणाऱ्याचं.

राखीव तिघांचं तर नावच निघत नाही. सामन्यात पळती करणारे तिघा-तिघांच्या तुकडीनं उतरतात. मग रोजच्या सरावात नऊ जण पाठलागाला बसले की समोर पळायचं कुणी? याच तिघांनी. अख्खा हंगाम आमचे राखीव गडी नऊ जणांपुढे पळायचे, पडायचे, गुडघे फोडून घ्यायचे. आमचं आक्रमण तयार झालं ते त्यांच्या अंगावर. सामन्याच्या दिवशी ते पाण्याची बादली घेऊन रेषेबाहेर उभे असत. आमच्या संघाचा सत्कार झाला तेव्हा प्रवेशिकेवरच्या क्रमानं नावं पुकारली. त्या तिघांतला एक आता ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. त्याच्या नावाला टाळ्या थांबेनात. त्याची दोन्ही मुलं पहिल्या रांगेत होती.

आमच्या सरांचा सत्कारही त्याच सकाळी होता. सर गणित शिकवायचे, पण गावाला ते मैदानावरचे सर म्हणूनच माहीत. पहाटे साडेपाचला शिट्टी. पहिला अर्धा तास गडी नाही, नुसतं चौकोनात बसणं आणि उठणं. कुल्ले टेकलेले चालत नसत, टाचा उचललेल्या हव्यात. खो मिळाल्यावर पहिलं पाऊल कुठे पडतं ते पाहायला सर जमिनीवर वाकून बसत. तालुका जिंकला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. प्रत्येक ठिकाणी एसटीनं जायचं आणि कुठल्या तरी शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपायचं. सर दाराजवळ झोपायचे. ज्याच्या घरून पैसे आले नाहीत त्याचं तिकीट कुणी काढलं हे आम्हाला फार पुढे कळलं. शाल-श्रीफळ घेताना सर एवढंच बोलले, "मुलांनो, टाचा वर ठेवा." सगळं मैदान उभं राहिलं.

मार्गदर्शक म्हणून एका वर्षी शिपाईमामांना बोलावलं होतं. काहींना ते खटकलं, मला मुळीच नाही. आमची जमीन काळी. पाऊस झाला की चिखल, ऊन पडलं की भेगा. मामा मुरूम आणि तांबडी माती कालवून टाकायचे, संध्याकाळी पाणी मारायचे, पहाटे रोलर फिरवायचे आणि सुतळी धरून फक्कीच्या रेघा ओढायचे. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर सूर मारून ज्याच्या कोपराची साल निघालेली नाही, त्याला मामांचं मोल कळणं जरा अवघड आहे.

सत्कारानंतर जुना संघ आताच्या संघाशी एक डाव खेळतो. पन्नाशीचे गडी चौकोनात बसतात, मुलं त्यांच्यामधून सुळकन निघून जातात. तरी गेल्या खेपेला एका बँकेच्या मॅनेजरनं खांबावर झेप घेऊन दहावीचा पोरगा टिपला. पोरानं तिथेच वाकून त्याला नमस्कार केला.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं. कर्णधार दोघेही महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आमच्या शाळेत मुलींच्या सरावाला त्यानंतर गर्दी झाली. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही असंच झालं होतं.

म्हणून यंदाची निवड मला मनापासून पटली आहे. शाळेच्या पहिल्या मुलींच्या संघाचा आणि त्यांच्या बाईंचा सत्कार आहे. त्या काळी संध्याकाळी मुली मैदानावर थांबणं घरच्यांना मान्य नव्हतं. बाई घरोघर गेल्या, आयांशी बोलल्या, चहा घेतला, आणि सराव संपल्यावर एकेकीला दारापर्यंत सोडायची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्या मुलींतल्या दोघी आज क्रीडाशिक्षिका आहेत.

अडचण एकच होती. फोटोत अकराच मुली आहेत. बाराव्या मुलीचं नाव बाईंना आठवत होतं, पण लग्नानंतरचं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव सापडलं, त्यावरून कऱ्हाडला असलेला भाऊ सापडला, आणि परवा तिचाच फोन आला. ती राखीव होती. "मलाही बोलावताय का?" असं तिनं दोनदा विचारलं. चित्रकलेच्या सरांना बाराही नावांची यादी पोचली आहे.