आमची वाटचाल : बुश स्टेडियमच्या शेजारी

वडील सांगलीत पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, एसटीसमोरच्या भिंती, निवडणूक आली की चिन्हं. मीही पाट्याच करतो, फक्त अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डाउनटाउनमध्ये, आणि ब्रशऐवजी मशीनवर. दुकान मी आणि बायको मिळून चालवतो. हिशेब, परवाने आणि वसुली तिच्याकडे. म्हणूनच दुकान टिकलं.

सुरुवात नकाशे छापण्यापासून झाली. ठेकेदारांना साइटवर मोठे कागदी नकाशे लागायचे आणि त्या वेळी आमच्या भागातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे कार्डिनल्स या शहराच्या संघाचं नवं बेसबॉल मैदान, बुश स्टेडियम. जुनं स्टेडियम १९६६ सालचं, माथ्यावर ९६ कमानींचा मुकुट असलेलं. नवं त्याला इतकं खेटून उभं राहत होतं की जुनं पाडल्याशिवाय ते पुरं करताच येत नव्हतं. डिसेंबर २००५ मध्ये जुनं जमीनदोस्त झालं, एप्रिल २००६ मध्ये नवं सुरू झालं, तेव्हा डावीकडच्या काही खुर्च्या बसवायच्या बाकी होत्या. त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकलं. आम्हाला वाटलं, आता दिवस पालटले.

जुन्या स्टेडियमच्या जागी ‘बॉलपार्क व्हिलेज’ होणार होतं: घरं, ऑफिसं, दुकानं. प्रत्यक्षात उरला खड्डा. २००८ ची मंदी आली आणि काम अडकलं. खड्ड्यात पाणी साचलं, तर लोकांनी संघाच्या मालकांच्या आडनावावरून त्याला ‘लेक डीविट’ म्हणायला सुरुवात केली. २००९ चा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना आला, तेव्हा घाईघाईने तो बुजवून तिथे सॉफ्टबॉलचं मैदान आणि पार्किंग केलं. नकाशांचं कामही आटलं. ठेकेदार हळूहळू टॅबलेटवर नकाशे बघू लागले. बायको म्हणाली, कागद सोड, पाट्या धर.

२०१४ च्या मार्चमध्ये बॉलपार्क व्हिलेजचा पहिला टप्पा उघडला. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. शहर आणि राज्य, दोघांनी करांतून हातभार लावलेला. आणि आत काय, तर बार आणि रेस्टॉरंटं. जुन्या मैदानाची रेषा तेवढी बाहेर जमिनीवर आखून ठेवली. माझं मत आजही तेच आहे: त्या टप्प्याने वस्ती झाली नाही, गर्दी झाली. संघाचे घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला ८१. उरलेले २८४ दिवस शेजारच्या दुकानदाराने काय करायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आम्हाला मिळायची ती फुटकळ कामं. मोठे झगमगते बोर्ड आमच्या आवाक्यातले नव्हतेच. शेजारच्या जुन्या खानावळींचे गल्ले मात्र हलके झाले, कारण लाल शर्टवाले, म्हणजे संघाचे चाहते, आता फाटकासमोरच बसायचे.

खरा फरक दुसऱ्या टप्प्याने पडला. २०१७ च्या अखेरीस काम सुरू झालं: २९ मजली निवासी इमारत, २९७ घरं, २१६ खोल्यांचं हॉटेल, ऑफिसची इमारत. सामना नसला तरी तिथे दिवे लागणार होते. आणि मजले उभे राहिले की दारं येतात, दारं आली की पाट्या.

अमेरिकेत कायमस्वरूपी खोलीची पाटी म्हणजे नुसता नंबर नव्हे. अक्षरं निदान १/३२ इंच उठावदार हवीत, खाली ब्रेल हवी, ठिपके गोलसर हवेत. ती दाराच्या कडीच्या बाजूला, स्पर्शाने वाचायची अक्षरं जमिनीपासून ४८ ते ६० इंचांच्या मध्ये. तपासनीस टेप घेऊन येतो. हे काम मोठ्या कंपन्यांना किचकट वाटतं, म्हणून ते आमच्यासारख्यांकडे वळतं. आम्ही असंच काम एका ठेकेदाराच्या हाताखाली केलं. बिलातले १० टक्के शेवटपर्यंत अडकून राहतात, हा इथला रिवाज. त्याने मात्र हिशेब पुरा झाल्यावरही ते सोडायला फार वेळ लावला. बायकोने दर सोमवारी फोन करून ते काढले.

२०२० मध्ये इमारती उघडल्या आणि करोना आला. प्रेक्षकांविना ६० सामन्यांचा हंगाम. आम्ही ‘सहा फूट अंतर ठेवा’ असे जमिनीवर चिकटवायचे गोल छापत बसलो. त्यावर भाडं निघालं.

आता गिऱ्हाईक बदललंय. कुत्रा फिरवायला खाली आलेला भाडेकरू विचारतो, लग्नाचा बॅनर कराल का? दंतवैद्य येतो, छोटं ऑफिस घेतलेला वकील येतो. सेंट लुईसची लोकसंख्या १९५० मध्ये साडेआठ लाखांवर होती, २०२० मध्ये तीन लाख उरली. त्यामुळे चार-सहाशे माणसं कायमची राहायला आली, हे इथे किती मोठं आहे ते दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

गेल्या भाडेकरारात घरमालकाने दर वाढवला. ‘स्टेडियमजवळचा’ भाव लावला होता त्याने. बायकोने सामने नसलेल्या महिन्यांची विक्री कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवली. बरीच घासाघीस होऊन पाच वर्षांवर करार ठरला, आणि मागची खोलीही घेतली. तिथे ब्रेलचं मशीन बसतंय.