करवंटीतला आठ

झोपाळ्याची फळी सुताराकडे गेली त्याला तीन आठवडे झाले (चार दिवसांत देतो म्हणाला होता, पण कोकणातले चार दिवस ते), पडवीत नुसत्या कड्या लोंबतायत आणि मुंबईहून सुट्टीला आलेला भाचा लाईट गेली म्हणून पाय आपटतोय. तेव्हा सुचलं ते हे, झोक्याकडूनच जमिनीवर नक्षी काढून घ्यायची.

दोन कड्यांना सुंभाची दोन टोकं बांधायची, मधे व्ही सारखं खाली आणून गाठ मारायची, गाठीखाली एकच दोरी आणि तिला तराजूच्या पारड्यासारखी करवंटी, डोळेवाली. नारळाच्या तीन डोळ्यांतला एकच मऊ असतो, खिळ्याने सहज उघडतो, आयतं भोक.

आधी मांडवी किनाऱ्याची काळी वाळू भरली. दमट! दोन झोक्यात तुंबली, शिवाय लाल कोब्यावर दिसेना. मग आईची रांगोळी ढापली.

गंमत गाठीत आहे. करवंटी समुद्राकडे-परसाकडे गेली की अख्खी दोरी झुलते, आडवी, म्हणजे एका कडीकडून दुसरीकडे, गेली की फक्त गाठीखालची, म्हणजे एकातच दोन लंबक. लांबी चौपट केली की झोक्याला दुप्पट वेळ लागतो, म्हणून कडीपासून ८ फूट आणि गाठीपासून २ फूट धरलं, तिरकं ओढून जरा धक्का देऊन सोडलं, नि कोब्यावर आठ! ब्लॅकबर्न म्हणून एका स्कॉटिश गणितज्ञाने १८४४ मधे असाच लंबक केला होता, लिसाजू नावाच्या फ्रेंच माणसाने १८५७ मधे नादकाट्यांना आरसे लावून हेच आकार उजेडाने काढले, पण गणित त्याआधीच १८१५ ला अमेरिकेच्या बाउडिचने मांडलेलं, आणि हा मूळचा जहाजांवरचा, म्हणजे आपल्यातलाच.

आमचा आठ काही सरळ राहिना. सुंभ ताणलं, माप थोडं चुकलं, त्यामुळे आठ हळूहळू वाकत धनुष्य झाला, मग पुन्हा उलटा आठ, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या जराशी आत. वळणावर करवंटी क्षणभर रेंगाळते तिथे रांगोळीचा जाड थर, मधे सुसाट जाते तिथे केसासारखी रेघ. भाचा म्हणाला मामा, हवेने अडवलंच नसतं तर? माप बरोबर असतं आणि झोका जराही कमी झाला नसता तर एकाच रेघेवर रांगोळी पडत राहिली असती, एक लठ्ठ आठ, बस. ही सगळी जाळी थकण्यातून आणि चुकीच्या मापातून आलीय, हे मला फार आवडलं.

आई म्हणाली, ठिपके न काढता कसली रे रांगोळी. पण संध्याकाळी केर काढताना झाडू तिथे थांबला, आणि रात्रभर ती वळसा घालून ये-जा करत होती.

सकाळी सुतार फळी घेऊन आला, चपलांसकट आठावरून थेट कडीखाली गेला, वर बघून म्हणाला, ह्या कड्या सैल झाल्यायत, चार दिवस लागतील.