पगार खाणारं लाकूड

सुतारकामाचं टेबल म्हटलं की जाडजूड, दोघांनी मिळून उचलायचं धूड डोळ्यांपुढे येतं. रंधा मारायचा तर ते हवंच. प्रत्येक रेट्याला तोंड द्यायला वजन लागतं. पण प्लाय कापायला आणि खोकी जोडायला? तिथे टेबलाला कुणी ढकलत नाही. त्याने सपाट राहावं, बस्स. आणि सपाटपणाला वजन लागतंच असं नाही.

फळीची जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट होतं, ताठपणा मात्र आठपट. वाकताना सगळा ताण वरच्या आणि खालच्या अंगावर येतो. मधलं लाकूड नुसता पगार खातं. म्हणून 18 मिमीचा प्लाय आडवा टाकला तर झोळ येतो, पण त्याच्याच चार इंची पट्ट्या कापून उभ्या केल्या की त्या हूं की चूं करत नाहीत. प्रत्येक पट्टीला निम्म्या उंचीपर्यंत खाचा, त्या एकमेकींत अडकवायच्या, की झाली जाळी. ही दोन घोड्यांवर, म्हणजे पाय असलेल्या आडव्या लाकडी आधारांवर, ठेवायची. काम संपलं की सुटी करून गठ्ठा बांधून काखेत. खाचेची रुंदी मात्र प्लायवर छापलेल्या आकड्यावरून घेऊ नये, हातातल्या तुकड्यावरून घ्यावी. दोन्ही क्वचितच जुळतात.

खिळा नाही, स्क्रू नाही, तेही मुद्दाम. गोल करवतीचं पातं पट्ट्यांना दोन-तीन मिमी चाटून जाणारच. तिथे लोखंड आडवं आलं तर पात्याचे दात गेले. (अशा टेबलाला वार्निश लावणारे लोक असतात. असोत.) जोडणीच्या वेळी वर 6 मिमीचा प्लाय अंथरला की पुरे.

एक खोड मात्र आहे. जाळी वाकत नाही, पण पिळवटते. वर-खाली प्लाय चिकटवून बंद पेटी केली तर पीळ थांबतो, पण मग घडीही गेली. उघडी जाळी घोड्यांचा पीळ मुकाट्याने घेते आणि वर जोडलेल्या कपाटाला देते. दार बसेना झालं की आपण बिजागरीला शिव्या घालतो. म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे तिरके ताणावेत. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत, आणि वरचा दोरा खाली घेतला तरीही तसेच. फट दिसली किंवा दोरा दाबला गेला, तर घोड्याच्या एका पायाखाली पाचर सारायची, दोरे पुन्हा ताणायचे आणि मगच गोंदाची बाटली उघडायची.