गाडी निघतानाचा ‘टक्’

माझ्या 1965 सालच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने गेल्या हिवाळ्यात एक नवी सवय लावून घेतली. क्लच सोडून गाडी पुढे निघाली की मागच्या डाव्या चाकाकडून एकदा ‘टक्’ असा आवाज येई, आणि तीच गाडी मागे घेतली की पुन्हा एकदा ‘टक्’. मधल्या सगळ्या प्रवासात मात्र ती निमूट असे. इंजिनाची ओढ मागे नेणाऱ्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट गेला असेल, ती ओढ दोन्ही चाकांना वाटणाऱ्या डिफरन्शियलमधला खेळ वाढला असेल, असे तर्क करत मी दोन महिने काढले. दोष चाकातच असेल हे मनात आले नाही, कारण तारांची ती चाके फार देखणी आहेत आणि देखण्या वस्तूवर संशय घ्यायला मन सहसा धजत नाही.

हे चाक मुळात सायकलच्या घराण्यातले. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकली बनवणाऱ्या कंपनीने मोटारीसाठी चटकन काढता-घालता येणारे तारांचे चाक बाजारात आणले, आणि पुढे कित्येक इंग्लिश स्पोर्ट्स कार त्याच तत्त्वावर धावल्या. चार-पाच बोल्टांऐवजी मधोमध एकच मोठा नट, त्याला दोन कान, आणि त्या कानांवर हातोड्याचा घाव. चाक ज्यावर बसते त्या हबच्या बाहेरच्या अंगावर आणि चाकाच्या तुंब्याच्या, म्हणजे मधल्या पोकळ भागाच्या आत एकमेकांत बसणारे बारीक दात असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा ताण हे दात पेलतात. चाक नेमके मध्यावर धरण्याचे काम मात्र दोन उतरत्या कडांचे, एक हबच्या आतल्या टोकाशी आणि दुसरी नटापाशी. नट घट्ट असेल तर दातांना हलायला जागाच नसते. तो किंचित सैल राहिला की गाडी निघताना आणि थांबताना चाक हबवर केसभर सरकते, दाताला दात घासतो, आणि घासल्याने वाढलेली फट पुढच्या वेळी थोडे अधिक सरकू देते. मैलांपेक्षा ही ढिलाईच चाकांना खाते, असे माझे मत झाले आहे.

शेवटी गाडी जॅकवर चढवली, हँडब्रेक ओढला आणि चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून पाहिले. ब्रेकचा ड्रम जागच्या जागी, आणि चाक मात्र हलते आहे! नट काढल्यावर आत वंगणाऐवजी गंजाची विटकरी भुकटी निघाली. नव्या दातांचा माथा सपाट असतो; माझ्या हबवरचे दात तासलेल्या पेन्सिलीसारखे टोकदार झाले होते.

नटावर सोडवण्याची दिशा बाणाने कोरलेली असते, आणि तो बाण वाचल्याशिवाय हातोडा उचलू नये. डाव्या बाजूचे आटे नेहमीचे, उजव्या बाजूचे उलटे. गाडी पुढे धावताना नट सुटण्याऐवजी आवळत जावा, यासाठी ही योजना आहे. बाजूंची अदलाबदल झाली तर चाक वाटेतच निरोप घेऊ शकते. हातोडाही साधा चालत नाही. एका तोंडाला तांबे आणि दुसऱ्याला कच्चे चामडे असलेला लागतो, नाहीतर क्रोमचा मुलामा पहिल्याच घावाला उडतो. अमेरिकेत 1968 पासून असे कान असलेले नट नव्या गाड्यांवर बंद झाले, कारण ते पादचाऱ्याला लागण्याची भीती होती. मग एमजीबीला अष्टकोनी नट मिळाले. एमजीचे बोधचिन्हही अष्टकोनीच, त्यामुळे ते तिला शोभलेही.

काटकसरीच्या मोहाने मी फक्त हब बदलणार होतो. पण झिजलेले चाक नव्या हबचे दात झपाट्याने खाते, आणि झिजका हब नव्या चाकाचे. म्हणून जोडी एकदमच बदलावी लागते. मन घट्ट करून दोन्ही मागवले. नवे चाक आले तेव्हा त्याच्या साठही तारा स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने एकेक करून वाजवल्या. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. आपल्याकडचे सायकलवाले चाकाची ‘आउट’ काढताना याच कानाने काम करतात, आणि या कामात कानाइतके भरवशाचे दुसरे उपकरण मला तरी ठाऊक नाही.

दातांवर आणि दोन्ही कडांवर वंगणाचा पातळ हात फिरवला. चाक जमिनीपासून उचललेले असतानाच नट ठोकून बसवला, कारण गाडीचे वजन चाकावर असेल तर ते एका अंगाला झुकून बसते. दुसऱ्या दिवशी पन्नासेक मैल फिरून आलो. गाडी निघाली, थांबली, मागे गेली. कुठेही ‘टक्’ नाही. तरी घरी येताच ती पुन्हा जॅकवर घेतली आणि चारही नटांवर एकेक घाव घातला. तीन जागचे हलले नाहीत. मागचा डावा आणखी बोटभर फिरला.