वैशाखात चांदोलीला जाताना

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की गणपतीपुळे आणि मार्लेश्वर झाल्यानंतर घरोघरी चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा विषय निघतो. आमच्या देवरुख-संगमेश्वर भागातून पाहिले तर हे अरण्य समोरच्या डोंगराच्या पाठीलाच आहे. परंतु गाडीने जायचे झाल्यास साखरप्यावरून आंबा घाट चढून, मलकापूर-कोकरूडचा वळसा घेत उद्यानाच्या प्रवेशाजवळची वारणावती गाठावी लागते. आमच्या नातेवाइकांच्या या सहलीची आखणी बहुधा माझ्याकडे येते आणि गाडी, डबे, मुक्काम यांच्या आधी मी पाण्याचा विचार करते. आपण नेणार आहोत ते पाणी आणि जंगलात उरलेले पाणी, असा हा दुहेरी हिशेब आहे.

सुमारे ३१८ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० साली कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. येथे पाऊस धो धो कोसळतो, तरी कातळाच्या सड्यांवरून, म्हणजे सपाट पठारांवरून, आणि तीव्र उतारांवरून तो वाहून जातो. त्यामुळे वैशाखापर्यंत बहुतेक ओढे कोरडे पडतात आणि गवे, सांबर, अस्वले, रानकुत्रे यांना चांदोली धरणाचा जलाशय आणि मोजके डोह-झरे यांच्यावर दिवस काढावे लागतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा याच कारणाने पाणवठ्यांभोवती रुजली. उन्हाळ्यात प्राणी दिसण्याची शक्यता वाढते ती त्यांच्या या अडचणीमुळे, हे जाणाऱ्या प्रत्येकाने मनाशी पक्के धरावे असे मला वाटते. आपल्या आवाजाने पाण्यावर आलेला गवा माघारी वळला, तर त्याला पुन्हा त्याच उन्हातून यावे लागते. म्हणून पाणवठ्याजवळ गाडीतून उतरू नये, मोबाइलवर गाणी लावू नयेत, आणि डोहात पाय धुणे किंवा साबण लावणे तर कोणत्याही सबबीखाली करू नये.

आपले पाणी घरूनच न्यावे. दिवसभराच्या सहलीला मोठ्या माणसामागे चार लिटर मी किमान धरते. शिवाय कोकम सरबत आणि मीठ-साखरेचे पाणी वेगळे. घाटमाथ्यावरची हवा किनाऱ्यासारखी दमट नसल्याने घाम लगेच वाळतो आणि अंगातले पाणी कमी होत आहे हे कोकणातल्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. लघवी कमी होणे, डोके दुखणे, मळमळणे ही लक्षणे दिसताच सावलीत बसवावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून कोरडे पडले, तर ओल्या कापडाने पुसत आणि वारा घालत त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. जंगलात मोबाइलची रेंज बेभरवशाची असते. १०८ क्रमांक प्रत्येक ठिकाणाहून लागेलच असे गृहीत धरू नये आणि परतण्याची वेळ घरी सांगूनच निघावे.

प्रवेशाची वेळ, शुल्क, वाहन आणि वाटाड्या यांविषयी वनखात्याकडे आधी चौकशी करावी, कारण नियम बदलत असतात. पावसाळ्यात पर्यटन बंद असते. शृंगारपूरहून प्रचितगडावर चढण्याचा मोह आमच्याकडच्या तरुणांना फार होतो. परंतु गड उद्यानाच्या हद्दीत आहे आणि वाट अवघड आहे, तेव्हा परवानगीवाचून त्या वाटेला जाऊ नये. कडेकपारींवर आग्यामोहोळे असतात. त्यांच्या आसपास अत्तर, धूर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

आगीविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. आपल्याकडे शेतात भाजावळ करण्याची, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळण्याची, रीत असल्याने वाळल्या गवताला लागलेली आग आपल्याला नेहमीची वाटते. सड्यावरचे गवत मे महिन्यात एका ठिणगीने पेटते. वारा असेल तर जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून ठेवलेला पट्टा, ओलांडून वणवा पुढे जातो आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, कासवे यांना पळायला जागा उरत नाही. राखीव जंगलात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. तेव्हा चूल मांडून जेवण करण्याचा बेत मुळातच नको. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी असा डबा न्यावा आणि उरलेले अन्न, साली यांसह सगळा कचरा परत आणावा. आंबा घाटात माकडांना केळी आणि वेफर्स टाकणाऱ्या गाड्या पाहिल्या की जीव कळवळतो, कारण त्या सवयीने ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात. वणवा किंवा जखमी प्राणी दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पायांत बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. हिरव्या चापड्यावर ती लागू पडत नाही, तरीही उपचारांसाठी रुग्णालयातच जावे लागते.

घरी आल्यावर गोचिड्यांसाठी अंग, विशेषतः गुडघ्यांमागचा भाग, काखा आणि मुलांचे केस, नीट तपासावेत आणि कपडे गरम पाण्यात टाकावेत. गोचिडीतून पसरणारा माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. जंगलातून आल्यानंतर आठवडा-दीड आठवड्यात कडक ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर आपण कोणत्या जंगलात आणि कधी गेलो होतो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.