चिऱ्याचं घर आणि गोचिडी: मिरगापासून मघापर्यंतची नोंद

मिरगाच्या आधी

कुडाळजवळचं आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं आहे आणि पडवीच्या भिंतींना गिलावा नाही. चिरा म्हणजे भोकंच भोकं. अशा घरात गावठी कुत्री पाळणाऱ्यांसाठी ही नोंद जरा सविस्तर ठेवतेय, कारण यंदा मी सगळा जोर कुत्र्यांच्या अंगापेक्षा भिंतींवर लावलाय.

आपल्या कुत्र्यांवर नेहमी सापडते ती तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून गळते आणि भिंत चढू लागते. भोक सापडलं की आत अंडी घालते, एकेक मादी चार हजारांपर्यंत, आणि तिथेच मरते. काही आठवड्यांत सहा पायांची पिल्लं बाहेर येतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, गळतात, फटीत जाऊन कात टाकतात. मग आठ पायांची होऊन पुन्हा कुत्र्यावर, पुन्हा खाली, आणि पूर्ण वाढ झाली की तिसऱ्यांदा वर. म्हणजे एका जन्मात तीनदा कुत्रा आणि तीनदा भिंत. उबदार, दमट हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत उरकतं. उलट कुत्रा मिळाला नाही, तर मोठी गोचीड महिनोन् महिने उपाशी तग धरते. कुत्र्यावर आपल्याला दिसतात त्या थोड्या, खरी वस्ती भिंतीत असते.

म्हणून मे महिन्यात पडवीचा चिरा कंबरेच्या वरपर्यंत तारेच्या ब्रशने घासला. गोठ्यात वापरतात ती फ्लेम गन आणून सांध्यासांध्यांतून फिरवली. चिऱ्याला आगीने काही होत नाही. वाशांजवळ मात्र जाळ नेला नाही आणि पाण्याची बादली हाताशी ठेवली. नंतर मोठी भोकं सिमेंट-वाळूने बुजवली, वरून चुना मारला. दाराच्या चौकटी आणि वाशांच्या खाचांत, जिथे आग चालत नाही, तिथे डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात डेल्टामेथ्रिन हे गोचीड मारायचं औषध फवारलं. भिंत खडखडीत वाळेपर्यंत मनी मांजर माजघरात बंद. मांजर असलेल्यांनी हे मनावर घ्याच: या जातीची औषधं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं याच जातीचं परमेथ्रिनचं औषध मांजराला चुकून लागलं तरी झटके येऊन जीव जाऊ शकतो.

मृग आणि आर्द्रा

काळू आणि चिमी दोघांना वजनाप्रमाणे फ्लुरालानरची, म्हणजे गोचिडी मारणारी गोळी दिली, तिचा असर बारा आठवडे टिकतो. या गोळ्यांचं काम समजून घ्या. औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड आधी चावते आणि मग मरते. मरायला काही तास जातात, आणि गोचीड-तापाचे जंतू अंगात जायला कधीकधी तेवढे तास पुरतात. गोळी दिली म्हणून रोजची तपासणी सोडता येत नाही. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आलेत, त्याला ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

तपासणी संध्याकाळी, विजेरीच्या उजेडात. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी. काळूच्या काळ्या अंगावर काही दिसत नाही, तिथे बोटांनी चाचपावं लागतं. चिमीच्या कानाच्या आतल्या गुलाबी कातडीवर मात्र पिल्लं दिसतात: मोहरीहून बारीक, आणि बोट जवळ नेलं की सरकतात. चिकटलेली गोचीड कातडीलगत चिमट्यात धरायची, सरळ ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. नखाने चिरडायची नाही.

शेजारच्या काकी दर पावसाळ्यात सांगतात, “गो बाय, रॉकेल चोळ, सगळे पडतले.” काकींचा जीव आहे कुत्र्यांवर, पण रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रा चाटतो ते पोटात जातं. करंजेलाचा अपाय कमी, पण भरवसा ठेवावा असा गुण त्यालाही नाही.

पुनर्वसू

चिमीने पेज अर्धी टाकली. हिरड्या फिक्या, ताप १०४. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे वाट न बघता रक्त तपासलं. प्लेटलेट्स खाली आणि एर्लिकिया या गोचीड-तापाच्या जंतूची चाचणी पॉझिटिव्ह. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, पोटात अन्न असतानाच. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि गोळ्या बंद करायचा मोह होतो. तो आवरा. अर्धवट उपचारात जंतू शरीरात दबून राहतात आणि पुढे नाकातून रक्त येण्यापर्यंत मजल जाते.

चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. मागे मोजलं तर बोट आर्द्राकडे जातं, आणि त्या पावसात चिमी दुपारभर मांगरात, म्हणजे पेंढा ठेवायच्या खोपीत बसायची. मांगरात पेंढा भरलेला, तिथे आग नेणं शक्यच नव्हतं. पडवीत वस्ती मोडली, ती मांगरात शाबूत राहिली.

पुष्य, आश्लेषा

पिसवांवर थोडक्यात. गोणपाट उकळत्या पाण्यात बुडवून चुलीवरच्या उबेत वाळवले, कारण ऊन नाहीच. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही वळवळताना दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे; पिसू गिळली की तो होतो, त्यामुळे जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त हवा. पावसात जास्त भीती अंकुशकृमीची. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून थेट पंजाच्या कातडीतून आत शिरतात, आपल्या अनवाणी पायांतूनही. पिल्लांची शी काळपट, डांबरासारखी झाली आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खळ्यातली, म्हणजे अंगणातली शी मी रोज उचलून खड्ड्यात पुरते.

मघा

चिमी ठणठणीत आहे, प्लेटलेट्स परत जागेवर. निजायच्या जागेच्या वर भिंतीला चिकटपट्टी उलटी लावून ठेवली होती. पडवीतली पट्टी जवळजवळ कोरी, मांगराच्या दारातल्या पट्टीवर अजून पिल्लं अडकतात. दोघांनाही मांगर बंद केलाय, दाराला आडवी फळी लावून.

पाऊस ओसरल्यावर जंगलातल्या गोचिडी वेगळ्या, त्यांची नोंद वेगळी करेन. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडतापाचे, म्हणजे या गोचिडींमुळे माणसांना होणाऱ्या तापाचे रुग्ण आढळलेत आणि तो हंगाम साधारण डिसेंबर ते मे. त्या दिवसांत कुत्री घेऊन रानात जाणं मी टाळते.

त्याआधी मांगर. भाद्रपद संपता संपता जुना पेंढा जवळजवळ संपतो आणि नवा यायला भात कापणी व्हावी लागते. मधल्या त्या रिकाम्या दिवसांत घासणं, आग आणि चुना, तिन्ही उरकायचं. फ्लेम गन आत्ताच सांगून ठेवलीय. बारा आठवडेही तेव्हाच भरतात, म्हणजे दोघांची दुसरी गोळी त्याच सुमारास पडेल.